दादरचा चार शनिवारचा अभ्यासवर्ग : अमेरिकेचे उमेदवार आणि पाकिस्तान. जरूर करा, फक्त पुढे बसा

आधीच सांगते, खाली एक तक्रार पण आहे म्हणून आयोजकांचं नाव टाकत नाही. दादर पश्चिमेला भरतो हा वर्ग, चार शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, फी सहाशे रुपये आणि त्यात चहा-बिस्किट. विषय एकच, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहणारे लोक पाकिस्तानबद्दल प्रचारात काय बोलतात, खुर्चीवर बसल्यावर काय करतात आणि त्यावर तिकडचे इकडचे लोक कसे भडकतात किंवा खूश होतात.

मला हा विषय का लागतो ते सांगते. २६ नोव्हेंबर २००८ ला माझ्या मिस्टरांची नेहमीची साडेनऊनंतरची लोकल सीएसटीवरून होती, त्या दिवशी ते तासभर आधी निघाले एवढंच. १६६ माणसं गेली. ओबामा निवडून येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते, आणि तेव्हापासून अमेरिकेतला कोणी पाकिस्तानचं नाव घेतो तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवते.

सर निवृत्त प्राध्यापक आहेत. कागद न बघता बोलतात, पण प्रत्येक तारीख फळ्यावर लिहितात आणि पुसत नाहीत, त्यामुळे साडेसातला फळा बघितला की सगळा हिशोब समोर दिसतो. पहिल्या शनिवारी राष्ट्राध्यक्ष कार्टरपासून सुरुवात. अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्यावर कार्टरनी पाकिस्तानला ४० कोटी डॉलर देऊ केले, ते साल १९८०, म्हणजे कार्टरच्या निवडणुकीचंच वर्ष, आणि पाकिस्तानचे तेव्हाचे लष्करशहा झिया उल हक म्हणाले हे तर शेंगदाणे, म्हणजे चिल्लर! कार्टर स्वतः शेंगदाण्याच्या शेतीतले, म्हणजे बोलणं बरोबर वर्मी लागलं असणार. पुढच्याच वर्षी रेगन आले आणि आकडा गेला ३.२ अब्जांवर, सहा वर्षांसाठी. मग १९९९, धाकटे बुश उमेदवार असताना बोस्टनच्या एका टीव्ही पत्रकाराने विचारलं पाकिस्तानचे नवे प्रमुख कोण, तर त्यांना जनरल एवढंच सांगता आलं, नाव नाही आलं. आणि त्याच जनरल मुशर्रफच्या देशाला २००४ मध्ये त्यांनी नाटोबाहेरचा (नाटो म्हणजे अमेरिका आणि युरोपची लष्करी युती) प्रमुख मित्रदेश केला.

दुसरा शनिवार सगळ्यात भारी, अख्खे दोन तास ओबामांच्या एकाच भाषणावर. १ ऑगस्ट २००७, वॉशिंग्टन. ते म्हणाले की मोठ्या अतिरेक्यांची पक्की खबर असेल आणि मुशर्रफ काही करत नसतील तर आम्ही करू. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री कसुरी यांनी बेजबाबदार म्हटलं, हिलरी क्लिंटननी ओबामांच्याच पक्षात असून टीका केली, आणि पुढच्या वर्षी डिबेटमध्ये विरोधी उमेदवार मॅकेन म्हणाले की असं मोठ्याने बोलायचं नसतं, करायचं असेल ते करायचं. सरांनी आम्हाला दोन गट करून विचारलं कोण बरोबर. माझ्या शेजारी एक आजोबा होते, पिशवीत पेपरची कात्रणं घडी घालून आणलेली, पार पिवळी पडलेली, ते उभे राहिले आणि म्हणाले जे बोलला ते २ मे २०११ ला पाकिस्तानात अबोटाबादला केलं ना, मग झालं तर. टाळ्या पडल्या.

मला ते पटलं नाही. मी विचारलं, "सर, लादेन त्यांचा गुन्हेगार होता, त्याला मारला. आमच्या सीएसटीचं काय? २००९ मध्ये त्याच ओबामांनी पाकिस्तानला पाच वर्षांत साडेसात अब्ज डॉलर द्यायच्या कायद्यावर सही केली." सर थोडं थांबले, म्हणाले, "ताई, नकाशा बघा." आणि कराचीच्या बंदरापासून खैबरपर्यंत बोट नेलं. अफगाणिस्तानातल्या अमेरिकन सैन्याचा माल तिथून जायचा. नोव्हेंबर २०११ मध्ये अफगाण सीमेजवळ सलालाला नाटोच्या हल्ल्यात पाकिस्तानचे २४ सैनिक मेले तेव्हा त्यांनी हा रस्ता सात महिने बंद ठेवला होता. म्हणूनच २०१२ मध्ये रॉम्नी ओबामांच्या विरोधात उभे असूनही म्हणाले की शंभर अण्वस्त्रं असलेल्या देशाशी घटस्फोट घेता येत नाही. मला राग अजून आहेच पण कारण कळलं, सोळा वर्षं टीव्हीवरच्या आरडाओरड्यात एकानेही असा नकाशा धरून सांगितलं नव्हतं.

तिसरा शनिवार ट्रम्प. १ जानेवारी २०१८ चं ट्वीट, पाकिस्तानला १५ वर्षांत ३३ अब्ज डॉलर दिले आणि बदल्यात खोटेपणा मिळाला, हे वाचून आमच्या सोसायटीत पेढे वाटले होते लोकांनी. २०१९ ला तेच पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खानना शेजारी बसवून काश्मीरवर मध्यस्थी करतो म्हणाले आणि १८ जून २०२५ ला पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुनीरना व्हाइट हाउसमध्ये जेवायला घातलं. हे फळ्यावर आलं तेव्हा वर्गात कोणी काही बोललं नाही.

आता कमी काय पडलं. पाकिस्तानातल्या सामान्य माणसांच्या प्रतिक्रियांना शेवटच्या दिवशी जेमतेम पाऊण तास मिळाला, आणि तोच भाग मला नवा होता. प्यू या अमेरिकन संस्थेच्या २०१२ च्या सर्व्हेत तिथल्या ७४ टक्के लोकांनी अमेरिकेला शत्रू म्हटलं होतं. एवढी मदत घेऊनही असं का, अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यांत अफगाण सीमेजवळच्या वझिरीस्तानातल्या घरांवर काय आलं, हे पूर्ण एक शनिवार भरून सांगायला हवं होतं. आमचं दुःख आमचं आहे, पण तिकडच्या आईचं ऐकायला पण मी तयार होते.

आणि तक्रार हॉलची. माइक दर दहा मिनिटांनी खरखरतो, मागच्या तीन रांगांना काही ऐकू येत नाही, दोन मजले चढून आलेल्या वयस्कर लोकांना पाणीसुद्धा खाली जाऊन आणावं लागतं. दोनदा सांगितलं, बघतो म्हणाले, काही झालं नाही. पाच वाजता पोचा आणि डावीकडे खिडकीशी बसा, तिथून फळा पण दिसतो.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. माझी मुलगी २६/११ ला चार वर्षांची होती, तिचं नाव मी शेवटच्या दिवशीच देऊन आलेय.