केळीच्या मळ्यावर कारवान ठेवावा की जर्मन शेफर्ड?

रावेर-यावल पट्ट्यात गावातलं घर सोडून मळ्यावर राहायला गेलं की हा प्रश्न हमखास निघतो. कुत्रं जातिवंत हवं यावर घरात एकमत असतं, घोडं अडतं ते कोणतं घ्यायचं यावर. माझं मत आधीच सांगतो: कुंपण घातलेली मोकळी जागा असेल तर कारवान, म्हणजे आपल्या दख्खनचा सडपातळ देशी शिकारी कुत्रा, घ्या. शेफर्ड घ्यायचा तर त्याच्यासाठी रोज वेळ काढणारं माणूस हवं आणि उन्हाळ्यात गार खोली हवी.

दिसण्यात दोघं अगदी वेगळे. कारवानाचा नर खांद्यापाशी साधारण 69 ते 74 सेंटिमीटर. डोकं लांब आणि निमुळतं, छाती खोल, पोट आत ओढलेलं, अंगावर अगदी आखूड केस. कानाला आणि शेपटीला लांब केसांची झालर असेल तर त्याला पश्मी म्हणतात. चांगल्या निरोगी कारवानाच्याही कमरेची हाडं वर दिसतात, शेवटच्या बरगड्या मोजता येतात. आलेला पाहुणा म्हणतो, "याला खायला देता का नाही?" त्या बोलण्यावर जाऊन त्याला चारत सुटू नका. अंगावर चरबी चढली की त्याचं पळणं गेलं.

शेफर्डचा नर उंचीला कमी, 60 ते 65 सेंटिमीटर, पण अंगाने भरलेला, 30 ते 40 किलोचा. उभे कान, झुपकेदार शेपूट. अनोळखी माणूस फाटकातूनच मागे फिरतो.

खरा फरक स्वभावात आहे. शेफर्ड ही 1899 साली जर्मनीत माक्स फॉन श्टेफानित्स यांनी मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून घडवलेली जात. त्याला काम लागतं आणि माणूस लागतो. शिकवलेलं पटकन उचलतो, पण दिवसभर साखळीला बांधला तर भुंकून भुंकून चिडका होतो. कारवान घरच्यांवर जीव टाकतो, पण लाडात येणारा नाही. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. तो मान वळवून बाजूला होतो. त्याच्यावर हात उगारू नका, एकदा बिथरला की पुन्हा जवळ यायला फार दिवस लावतो. तो नजरेवर शिकार करणारा कुत्रा. ससा दिसला की हाक ऐकत नाही, शेजाऱ्याच्या कोंबड्याही सुटत नाहीत. म्हणून कुंपण उंच हवं. आणि त्याला मुद्दाम सशावर सोडणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे मजुरांनाही सांगून ठेवा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो. कारवान झाडाच्या सावलीत, ओल्या मातीवर दुपार काढतो. शेफर्डच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, पत्र्याच्या शेडमध्ये त्याला उष्माघात होऊ शकतो. त्याला पहाटेच फिरवून आणा. केस भादरू नका, उन्हापासून तेच त्याला राखतात. जोरात धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या दिसल्या तर पोटावर नि पायांवर पाणी ओतत डॉक्टर गाठा.

खाण्यात दोघांना एकच नियम: शेवभाजीचा रस्सा भाकरीवर ओतून द्यायचा नाही. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो.

पिल्लू उचलण्याआधी त्याची आई बघा. कारवानाची आई परक्याला बघून दूर राहिली तर ठीक, थरथर कापत लपली तर तिची पिल्लं सोडा. शेफर्ड असेल तर आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. सैल खुबा या जातीत वंशाने उतरतो. एक्स-रे दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथलं पिल्लू घेऊ नका.