एक स्टारचे चार केले, त्याची गोष्ट

सेवा : सोलापूर परिसरात जखमी वन्यप्राणी उचलून नेऊन उपचार करणारी स्वयंसेवकांची टीम आणि त्यांचे डॉक्टर.

जानेवारीत मी ह्या लोकांना एक स्टार दिला होता. खाली लिहिलं होतं, "वाचवायला बोलावलं, मारून मोकळे झाले." त्या एका ओळीखाली लोकांनी येऊन डॉक्टरांना खाटीक म्हटलं. त्यातल्या एकानेही ते काळवीट बघितलेलं नव्हतं. वाचून मलाच कसंतरी झालं, ओळ काढून टाकली. आता सगळं सविस्तर लिहितो. टीमचं नाव मात्र घेत नाही, परत तोच तमाशा नको.

मी टेम्पो चालवतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचा माल भरायचा आणि बार्शीच्या शेटजींकडे टाकायचा, आठवड्यातून दोन खेपा. त्या पहाटे पावणेसहाला कारंबा मागे टाकून नान्नजच्या अलीकडे होतो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, वर धुकं. लाईटच्या उजेडात रस्त्यावर काहीतरी हललं. कुत्रं असेल म्हणून वेग कमी केला तर काळवीट. नर, पण कोवळा. पाठ अजून तांबूस, काळा रंग नुकता चढायला लागलेला, शिंगांना दोनच पीळ. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी केलं. आता माळढोक दिसायची मारामार, पण काळविटं आहेत, आणि त्यांना ज्वारी आवडते. त्यात हुरड्याचे दिवस, गाड्या सुसाट. ठोकून कोण गेलं ते माहीत नाही, हेडलाईटच्या काचा तेवढ्या पडल्या होत्या.

पुढचे पाय टेकून ते उठायला बघायचं, मागचं धड फरपटत यायचं, परत पडायचं. तोंडातून आवाज नाही. गाय हंबरते, कुत्रं केकाटतं, ह्याच्या नुसत्या नाकपुड्या फुरफुरत होत्या. मला वाटलं, फार दुखत नसावं. ते साफ चूक होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, ज्याला सगळे खायला टपलेत ते जनावर दुखतंय म्हणून ओरडून लांडग्याला पत्ता देत नाही.

शेजारच्या वस्तीवरून एक म्हातारबा आले, हातात कुऱ्हाड. वाकून बघितलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कंबर मोडलीय ओ ह्याची. आता उठत नाय हे. सरा बाजूला, एका घावात सुटंल बिचारं." आपला बैल पाय मोडून पडल्यावर माणसाचा चेहरा होतो ना, तसा झाला होता त्यांचा. मागून एकाने मटणाचा विषय काढला तर त्याला त्यांनीच झापलं. तरी मी आडवा झालो. "मामा, हात लावू नका. सात वर्षं आत जाल."

ते खरंच आहे. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत येतं. मारलं तर तीन ते सात वर्षं. खाण्यासाठी मारलं की कीव येऊन मारलं, त्याने गुन्हा बदलत नाही. म्हातारबा थांबले. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्यावर परत येणार आहे.

आता रिव्ह्यू. वनखात्याच्या १९२६ ह्या हेल्पलाईनवर कळवलं आणि एका मित्राने दिलेला ह्या टीमचा नंबरही लावला. पहाटे सहाला, दुसऱ्या रिंगला उचलला. पलीकडच्या ताईंनी आधी नाव-गाव विचारलं नाही. "डोळे झाका. तोंडात पाणी घालू नका. टॉर्च बंद करा, माणसं लांब करा," एका दमात. आमच्यातला एकजण पाण्याची बाटली उघडून तयारच होता. पडलेल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतलं की ते फुप्फुसात उतरतं, हे मला पन्नाशीत कळलं. झाकायला दुसरं काय असणार माझ्याकडे? गठ्ठा सोडला, पांढरा टेरी टॉवेल काढला, डोळ्यांवर टाकला. अर्ध्या मिनिटात धडपड थांबली. मानेखाली हात ठेवला तर ठोके इतके भरभर की मोजता येईनात.

पन्नास मिनिटांत गाडी आली. स्ट्रेचर होतं, खिडक्यांना पडदे होते, कुणी आरडाओरडा केला नाही. सोबतचा एक पोरगा मात्र मोबाईलवर व्हिडिओ काढत फिरत होता. ते मला आवडलं नाही, आणि डॉक्टरांना मी तसं सांगितलंय.

डॉक्टरांनी मागच्या पायाच्या दोन खुरांमधली कातडी चिमट्यात धरून जोरात दाबली. पाय हलला नाही ते सोडा, मानही वळली नाही. पुढच्या पायाला तेच केलं तर असा हिसका दिला की डॉक्टर मागे झाले. मला त्यातलं काही समजलं नाही, म्हातारबांना समजलं. "सांगितलं न्हवं मी?" म्हणाले, आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून ज्वारीतून निघून गेले.

मी बार्शी गाठली. एकशेवीस नगांत एक कमी भरला. शेटजी म्हणाले, "जीव वाचवायला गेला ना? मग बघू आपण." येताना एकच्या सुमारास टीमच्या उपचार केंद्रावर थांबलो. म्हटलं, प्लास्टर घालून बसवलं असेल. ते अंधाऱ्या खोलीत पडून होतं, डोळ्यांवर तोच टॉवेल. सलाईन चालू, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलेलं. (मेलॉक्सिकॅम. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं दुसरं औषध, ते जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे, कारण तसली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपली. मी विचारलं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं.) एक्स-रे दाखवला. कमरेचा मणका तुटून दोन टोकं एकमेकांवर चढली होती. हे मलाही दिसलं, त्याला डॉक्टर व्हायला नको.

"मग आता?"

"कागदाची वाट बघतोय."

पहिल्या अनुसूचीतला प्राणी बरा होण्यापलीकडे गेला असेल तर त्याला मारायची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. कारणं नमूद करून, लेखी. कायद्याच्या कलम ११ मध्ये तसं आहे, आणि हा अधिकार त्यांना खालच्या कुणाला सोपवता येत नाही. अधिकार खाली दिला तर कुणीही उठून "जखमी होतं" म्हणत काळवीट मारेल, हेही मला पटतं. गंमत म्हणजे कायद्याच्या भाषेत ह्या परवानगीला शिकारीचीच परवानगी म्हणतात.

कागद अडीचनंतर आला. सही करणाऱ्यांना मी दोष देत नाही, लांबून फोटो आणि अहवाल बघून एका जिवाचा निर्णय करायचा म्हणजे वेळ लागणारच. पण मी घड्याळाकडे बघत होतो. पहाटे पावणेसहाला म्हातारबा जे म्हणाले, त्यावर दुपारी पावणेतीनला शिक्का बसला. नऊ तास. आणि मधे आडवा पडलेला मी.

पुढचं दाराच्या फटीतून बघितलं. आधी मांडीत गुंगीचं इंजेक्शन. मग डॉक्टर काही न करता नुसते बसले, दहा मिनिटं असतील. टॉवेल उचलून पापणीला बोट लावलं. पापणी हलली. परत बसले. दुसऱ्यांदा हलली नाही, तेव्हा शिरेतून दुसरं औषध. नंतर स्टेथोस्कोप छातीला लावून इतका वेळ बसले की मला वाटलं झोप लागली ह्यांना. मग उठून हात धुतले. पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही घेतली. जाळायचं ठरलं होतं, कारण तसंच टाकलं तर त्या औषधाने कोल्ह्या-घारींचा जीव जातो. टॉवेलही त्यातच गेला. त्या रात्री घरी येऊन मी तो एक स्टार दिला.

तीन आठवड्यांनी परत गेलो, भांडायलाच. म्हटलं, पायाला चाकं लावतात कुत्र्यांच्या, ह्याला का नाही? डॉक्टरांनी चहा मागवला. म्हणाले, कुत्रं तुमच्या मांडीवर झोपतं. काळवीटाला माणूस म्हणजे लांडगाच. रोज ड्रेसिंग करायचं, दिवसातून दोनदा पोट दाबून लघवी काढायची, म्हणजे दिवसातून तितक्यांदा त्याला लांडग्याने धरायचं. नुसत्या धरपकडीने हरणांचे स्नायू आतून विरघळतात, मूत्रपिंडं बंद पडतात, धड जनावर दोन दिवसांत जातं. पुढचा पाय मोडला असता तर त्यांनी प्रयत्न केला असता. तीन पायांवर कळपात टिकलेली हरणं त्यांनी बघितलीत. मणक्याला इलाज नाही.

हे मला त्याच दिवशी कुणी बसवून सांगितलं असतं तर एक स्टार गेलाच नसता. डॉक्टरांनी ते मान्य केलं.

निघताना म्हातारबांचं विचारलं. "त्यांचं निदान बरोबर होतं," डॉक्टर म्हणाले. "पण तसाच अंदाज बांधलेली, नंतर चालत गेलेली जनावरंही आहेत माझ्याकडे. नुसतं भेदरून पडलेली." म्हणजे मी अडवलं ते बरोबर की चूक, ह्याचं उत्तर काही मिळालं नाही. पाचवा स्टार मी त्या नऊ तासांचा कापतोय. तो ह्या टीमचा दोष नाही हे कळतंय, तरी कापतोय. दुसऱ्या कुणाकडून कापू?

बाकी व्यवहाराचं : पैसे मागत नाहीत, डबा आहे, मी पाचशे टाकले. जागा शोधायला अवघड, आधी फोन करा.

काळवीट मारल्याचं शेटजींना सांगितलं तेव्हा ते खवळले. जैन माणूस. "पांजरपोळात आम्ही लंगडी-लुळी मरेपर्यंत सांभाळतो. भोग ज्याचा त्याचा. मधे पडणारे तुम्ही कोण?" मी डॉक्टरांकडून ऐकलेलं पुढे केलं, की १९२८ साली साबरमती आश्रमात गांधीजींनी तळमळणाऱ्या वासराला इंजेक्शन देऊन सोडवलं होतं, आणि त्याबद्दल शिव्यांची पत्रं झेलली होती. शेटजी म्हणाले, "ठाऊक आहे. वासरू आश्रमाचं होतं. काळवीट तुमचं होतं का?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिवंत होतं तोवर कुणाचंच नव्हतं, मेल्यावर कायद्याने सरकारचं झालं. शेटजी बराच वेळ बोलले नाहीत. मग वही ओढली आणि मागच्या खेपेचं बिल एकशेवीस नगांचं पूर्ण लावलं. मी काही विचारलं नाही.