नव्या कामगाराची पडताळणी: एजन्सीकडून की आपल्याच टेबलावर?

नागपूरजवळ हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत पन्नास-शंभर माणसांचं युनिट चालवणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. नवा माणूस घेताना त्याचं वय, ओळख, आधीची नोकरी, पत्ता हे सगळं बीजीव्ही (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे पूर्वमाहितीची पडताळणी करणाऱ्या) एजन्सीकडे सोपवायचं, की आपल्या ऑफिसातल्याच कोणीतरी बसून बघायचं? आमच्याकडे दोन्ही करून झालं आहे. आधी सगळं एजन्सीकडे होतं, आता बरंचसं घरीच करतो. मिहानमधल्या आयटीवाल्यांना हे वाचून फारसा उपयोग नाही. त्यांच्या क्लायंटच्या करारातच बहुधा एजन्सीची अट असते.

एजन्सीचं चांगलं आधी सांगतो. माणूस बाहेरगावचा असला की तिची किंमत कळते. बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगावकडची मुलं आमच्याकडे बरीच येतात. त्यांच्या गावच्या पत्त्यावर आपल्यातलं कोण जाऊन येणार? एजन्सीचा माणूस जातो, दाराचा फोटो काढतो, शेजाऱ्याशी बोलून येतो. कोर्टाच्या नोंदींचंही तेच. ई-कोर्टवर नाव टाकून आपणही शोधू शकतो, पण मेश्राम किंवा उईके आडनाव टाकून एकदा बघाच, सारख्या नावाची इतकी माणसं निघतात की ते काम पैसे देऊन करून घ्यावंसं वाटतं. शिवाय ग्राहकाचा ऑडिटर आला की त्याच्यापुढे छापील अहवाल ठेवता येतो. आपण केलेल्या तपासणीची फाईल कितीही नीट असली तरी तो ती दोनदा उलटीपालटी करून बघतो.

मग एजन्सी कमी का केली? माणशी शुल्क काही फार टोचत नव्हतं. टोचत होता तो पिवळा रंग.

अहवालात प्रत्येक मुद्द्यापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल असा शेरा येतो. आमच्याकडे लाल क्वचितच यायचा, पिवळे मात्र ढिगाने. कारण बहुतेक वेळा एकच, ‘नावात तफावत’. आपल्याकडे नावं कागदावर कशी उतरतात हे तुम्हाला सांगायला नको. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी, वडिलांचं असलं तर असलं. एका कागदावर वानखेडे, दुसऱ्यावर वानखडे. पॅनवर मधल्या नावाचं नुसतं अक्षर. लग्न झालेल्या बाईचं तर विचारूच नका, सनदीवर माहेरचं, आधारवर सासरचं आणि पासबुकावर दोन्ही. एजन्सीच्या संगणकाला यातलं काही ठाऊक नसतं. अक्षरं जुळली नाहीत, एवढंच त्याला दिसतं.

तफावत दाखवली म्हणून माझी तक्रार नाही, ती दाखवायलाच हवी. वैताग यायचा तो पुढच्या कामाचा. फोन केला की तिकडून सांगायचे, उमेदवाराकडून प्रतिज्ञापत्र घ्या. प्रतिज्ञापत्र करून पाठवलं की केस नव्याने उघडायची, आणि काही दिवसांनी अहवाल यायचा तो पुन्हा पिवळाच, फक्त खालचा शेरा वेगळा. बरं, निर्णय कोणाचा? एजन्सी म्हणणार, आम्ही फक्त माहिती देतो, घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तोवर माणूस मशीनवर उभा राहून पहिला पगारही घेऊन बसलेला. त्याला आता काय सांगणार, की भाऊ, तुझ्या आडनावात एक मात्रा जास्त आहे?

नावाचा हा घोळ कागदापुरता राहिला असता तरी चाललं असतं. तो पीएफमध्ये अंगावर येतो. यूएएनमधलं (यूएएन म्हणजे कामगाराचा पीएफमधला कायमचा क्रमांक) नाव आधारशी जुळत नसलं की पुढे पैसे काढताना किंवा जुनं खातं वळतं करताना कामगार आपल्याच केबिनबाहेर उभा असतो. १ ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, त्यामुळे नाव थेट आधारमधलंच येतं आणि पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्यांचा प्रश्न बराचसा मिटला. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला आणि आधारशी जुळवलेला आहे, त्यांना २०२५च्या जानेवारीपासून नाव, जन्मतारीख वगैरे दुरुस्त्या पोर्टलवर स्वतः करता येतात. त्याआधीचा असेल तर विनंती मालकामार्फत जाते. यातलं कोणतं लागू पडतं हे माणूस समोर बसला आणि त्याचा यूएएन उघडला की लगेच कळतं. मला तरी एजन्सीच्या अहवालातून ते कधी कळलं नाही.

आता घरच्या पद्धतीबद्दल. आम्ही माणसाला जॉइनिंगच्या आदल्या दिवशी बोलावतो. ओरिजिनल कागद तर आणायचेच, पण मोबाईल चार्ज करून आणायचा हेही बजावतो, कारण अर्धी तपासणी त्याच्याच मोबाईलवर होते. आधारच्या झेरॉक्सवर आम्ही विसंबत नाही, कार्डावरचा क्यूआर स्कॅन करतो. झेरॉक्सवरची तारीख कोणीही बदलू शकतो, क्यूआरमधल्या माहितीवर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. कार्ड फार जुनं असेल तर तिथल्या तिथे नवं ई-आधार उतरवायला लावतो. गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळाली तर उत्तम, ती थेट मंडळाकडून आलेली असते आणि कायद्याने मूळ प्रतीइतकीच मानली जाते. मध्य प्रदेशातल्या मुलांची कधी मिळते, कधी नाही, तिथे कागदच बघावा लागतो.

वयासाठी मात्र आधारवर भिस्त ठेवू नका. पीएफचा कारभार बघणाऱ्या ईपीएफओने २०२४च्या जानेवारीत जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार काढून टाकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका अपघात भरपाईच्या प्रकरणात आधारपेक्षा शाळेच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली. म्हणून टीसी किंवा दहावीची सनद बघायचीच. आमच्यासारख्या ठिकाणी हा सगळ्यात नाजूक मुद्दा आहे. चौदाच्या आतल्याला कामावर ठेवणं गुन्हा आहे, आणि धोक्याच्या कामावर अठराच्या आतलाही चालत नाही. बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, अंगापिंडाने थोराड पोरगा उन्हाळ्यात हेल्पर म्हणून हमखास येतो. बापही सोबत येऊन सांगतो, साहेब, घ्या ना, घरी बसून नुसता मोबाईल बघते. अशा वेळी टीसीवरची तारीखच आपल्याला वाचवते.

आधीच्या नोकरीचं बघायला रिलीव्हिंग लेटरपेक्षा पीएफचं पासबुक बरं, असं माझं मत झालं आहे. लेटरहेड कोणीही छापून आणतो. पासबुकात मात्र कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यापर्यंत पैसे भरले ते दिसतं, आणि सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख. पासवर्ड आपण मागायचा नाही, त्यालाच उघडून दाखवायला सांगायचं. ज्याने वीसपेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपमध्ये किंवा एखाद्या ठेकेदाराकडे काम केलं आहे त्याचा पीएफ बहुधा नसतो. तिथे जुन्या सुपरवायझरला फोन लावायचा. हिंगण्यातला फोरमन बुटीबोरीतल्या फोरमनला ओळखतोच, निदान दोघांच्या मधला कोणीतरी निघतो. फोनवर तो जे मोकळेपणाने बोलतो ते त्याच्या एचआरने एजन्सीच्या ईमेलला कधीच लिहून दिलं नसतं. अर्थात यात रागलोभही असतात, म्हणून एकाच्या शब्दावर आम्ही कोणाला नाही म्हणत नाही.

घरच्या पद्धतीची खोट सांगितली नाही तर अन्याय होईल. ती एका माणसावर चालते. आमच्याकडे हे काम बघणारी मुलगी रजेवर गेली की जॉइनिंग पुढे ढकलावं लागतं, कारण बदली माणूस क्यूआर स्कॅन करायचं सोडून झेरॉक्स फाईलला लावून मोकळा होतो. दुसरं, ओळखीने आलेल्या माणसाच्या बाबतीत हात सैल पडतो. स्टोअरवाल्या भाऊंचा साळा आहे म्हटल्यावर त्याच्याकडे पासबुक मागायला जीभ रेटत नाही. एजन्सीला कोणाचा साळा माहीत नसतो, आणि हा तिचा गुण मी नाकारणार नाही. वर्षाला मोठी भरती करायची असेल किंवा एचआरला धड एक पूर्ण वेळ माणूसही नसेल, तर एजन्सीच सोयीची पडेल.

गेटवरचे गार्ड सुरक्षा कंपनीचे असतील तर त्यांच्या पडताळणीत आपला वेळ घालवू नका. २००५च्या खासगी सुरक्षा कायद्याने गार्डचं वय १८ ते ६५ मध्ये असणं आणि त्याची चारित्र्य पडताळणी होणं ही जबाबदारी त्या कंपनीवरच टाकली आहे. फक्त प्रती मागून घ्या.

सध्या आम्ही एजन्सीकडून दोनच गोष्टी घेतो, परराज्यातल्या माणसाचा पत्ता, आणि स्टोअर किंवा अकाउंट्सला येणाऱ्याच्या कोर्ट नोंदी. बाकी ओळख, वय, जुनी नोकरी आणि यूएएन टेबलावरच होतं. तुमचं युनिट वेगळं असेल, माणसं वेगळी असतील, कदाचित तुमची एजन्सीही आमच्यापेक्षा तत्पर असेल. तिच्याशी करार करण्याआधी एवढं मात्र विचारून घ्या, की नावातल्या तफावतीमुळे पिवळा शेरा आला तर तो मिटवायचं काम कोणाचं, आणि ते जॉइनिंगच्या आधी होणार की नंतर. उत्तर तोंडी देऊ लागले तर ते करारात लिहून मागा.