कासवाची नोंद: वही की मोबाईल?

घरात सुलकाटा (आफ्रिकेतलं, जमिनीवर राहणारं मोठं) कासव असेल, तर त्याचं वजन आणि खाणं लिहून ठेवावंच लागतं. (देशी तारा-कासव पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तो विषय नकोच.) कासव आजारपण लवकर दाखवत नाही.

खाण्यासाठी माझं मत सरळ वहीला. ती कासवाच्या खोक्याशेजारी सुतळीने टांगता येते. सकाळी आजी हरळी टाकणार, दुपारी कुणीतरी जास्वंदीची पानं. ज्याने टाकलं त्याने लिहायचं. आजीला ॲप उघडायला सांगून बघा! आठवड्याची पानं चाळली की लगेच कळतं, मंडईतल्या पालकाच्या जुड्या जास्त झाल्यात. पालकातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अंगी लागू देत नाही आणि कवचाला तर कॅल्शियम हवंच. लघवीतला पांढरा भाग मऊ होता की वाळूसारखा खरखरीत, हेही तिथेच लिहावं. खरखरीत असेल तर बहुधा पाणी कमी पडतंय.

वजनाला मात्र वही कुचकामी. दर रविवारी, खायला घालण्याआधी, त्याच काट्यावर ग्रॅममध्ये मोजून आकडा मोबाईलच्या शीटमध्ये टाका. आलेखाची रेघ खाली झुकली की डोळ्यांत भरते. डिसेंबरात पुण्याचा पारा दहाच्या आसपास आला की ही रेघ बघाच, कारण सुलकाटा शीतनिद्रा घेत नाही. गारठ्यात त्याला ऊब द्यावी लागते. डॉक्टरांना कवचाचे फोटोही तिथूनच पाठवता येतात.

कासवाला उन्हासारखे अतिनील किरण देणारी यूव्हीबी ट्यूब पेटत असली तरी तिचे किरण कालांतराने उतरतात. ती बदलायची आठवण मोबाईलवरच लावा.