दहा महिने डीडी फ्री डिशवर

गेल्या जूनमध्ये खासगी डिशचा रिचार्ज संपला आणि मी तो पुन्हा मारलाच नाही. सासवडजवळच्या आमच्या घरात टीव्हीची खरी मालकीण आई. सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या आणि दुपारी एखादा जुना सिनेमा, एवढ्यासाठी महिन्याला तीनशे रुपये जिवावर यायचे. छत्री, एलएनबी (छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा डबा), वायर जुनीच ठेवली. नवा फक्त बॉक्स, डीडी फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या महिन्याचे पैसे न लागणाऱ्या डिश सेवेचा. (गावात अजून काही जण याला डीडी डायरेक्टच म्हणतात. 2004 साली ही सेवा त्याच नावाने सुरू झाली होती.)

दुकानदाराने आधी एमपीईजी-2 चा, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीचा बॉक्स गळ्यात मारला. चित्र आलं, पण शेजाऱ्यांकडे दिसणारी बरीच चॅनलं आमच्याकडे नाहीत! ती एमपीईजी-4 या नव्या पद्धतीवर असतात आणि या बॉक्सला ती उलगडताच येत नाहीत. बदलून घेतला, वर दोनशे गेले. घेताना हे आधी विचारा.

मेकॅनिक 'उद्या येतो' म्हणाला तो आलाच नाही. शेवटी मीच पत्र्यावर चढलो. जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्वेवर, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला. मी छत्री तसूभर हलवायची आणि खालून मुलीने ओरडायचं, "आलं... गेलं... बाबा, मागं घ्या!" लहानपणी मीही असाच खालून ओरडायचो, फक्त तेव्हा अँटेनाचं तोंड पश्चिमेला, सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे असायचं.

पावसाळ्यात जोराची सर आली की चित्राचे चौकोन होतात. खासगी डिशलाही हे व्हायचंच, त्यामुळे तक्रार नाही. गंमत ऑक्टोबरात झाली. ओळीने तीन दिवस सकाळी अकराच्या सुमारास चित्र फुटलं. मी पुन्हा पाना घेऊन वर. नंतर कळलं, त्या दिवसांत सूर्य काही मिनिटं बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या लहरींत उपग्रहाचा सिग्नल बुडून जातो. छत्रीला हात लावला नसता तर बरं झालं असतं.

सगळ्यात मोठं सुख म्हणजे क्रिकेट. भारताचे वनडे आणि टी-20 डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसतात, 2007 च्या कायद्यामुळे. त्या कायद्याने खासगी चॅनलांना अशा मॅचचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं. पुण्याचा भाचा खासगी डिशला दरमहा पैसे भरतो, त्याच्याकडेही डीडी स्पोर्ट्स आहे, पण त्यावर मॅच नाही! ते प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरतंच, असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये ठरवलंय. मॅचच्या दिवशी मी त्याला मुद्दाम फोन करतो. आयपीएलला मात्र तो मला करतो.

भरवसा नाही तो खासगी चॅनलांचा. इथल्या जागांचा लिलाव होतो. ज्याने बोली लावली तो राहिला. 2022 च्या एप्रिलमध्ये लोकांच्या आवडीची हिंदी मनोरंजन चॅनलं अशीच एकदम उठून गेली होती. आईला एखादं चॅनल सापडेना की मी आधी 'चॅनल सर्च' मारतो, मग तिची समजूत काढतो. मराठीचा वाटा तर तुटपुंजाच. मोठी मराठी चॅनलं पैसे भरूनच बघायची.

त्यामुळे बायकोच्या मालिका आता मोबाइलवर चालतात, आणि तो रिचार्ज मीच मारतो.