पाचपाखाडीचा सुट्टीतला कॉम्प्युटर क्लास : फोटो कुणाचा ते शिकवलं, ‘क्ष’ मात्र राहून गेला

मी ठाण्यात चरईतल्या एका छापखान्यात अठरा वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं मांडायचं काम, करते. त्यामुळे ‘मीडिया डिझाइन शिकवतो’ अशी पाटी दिसली की माझी नजर जरा वाकडी होते, हे आधीच सांगितलेलं बरं. लेक आठवीतून नववीत गेली. सुट्टीभर मोबाइल घेऊन लोळत पडेल म्हणून पाचपाखाडीतल्या एका क्लासला घातलं. २४ दिवस, रोज दीड तास, फी ४,५०० रुपये. क्लासचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत आणि शिकवणारी मुलगी गुणी आहे, तिच्या डोक्याला ताप नको.

पहिला आठवडा फोल्डर, वर्ड, एक्सेल यात गेला. तो शाळेतही होतो. पण ‘फायनल’, ‘फायनल २’ अशी नावं दिली की मॅडम फाइल उघडूनच बघायच्या नाहीत, हे मला फार आवडलं. आमच्याकडे गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचा मजकूर ‘फायनल नवीन फायनल’ या नावाने आणतं आणि छापून झाल्यावर कळतं की मुहूर्त जुन्या फाइलमधला होता.

पैसे वसूल झाले ते दुसऱ्या आठवड्यात. विषयाचं नाव ‘डिजिटल नागरिकत्व’. मला वाटलं, आता रोज प्रवचन. तसं झालं नाही. पहिल्या दिवसाचा गृहपाठ होता, घरातल्या एका मोठ्या माणसाच्या फोनमधल्या ॲपना कशाकशाची परवानगी दिली आहे त्याची यादी करा. लेकीने बाबांचा फोन धरला. टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला लागतात, यावर जेवताना अर्धा तास उलटतपासणी चालली आणि बाबांकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर १९३० हा आकडा चिकटला. ऑनलाइन पैसे गेले तर आधी इथे फोन, रडारड नंतर, असं तिच्या वहीत लिहिलं आहे.

मग फोटोची गोष्ट. जूनच्या पहिल्या पावसात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘ठाणे स्टेशन, आत्ता’ म्हणून रुळांवर पाणी भरल्याचा फोटो आला. मी म्हटलं, हा २००५ च्या २६ जुलैचा असणार. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, ती तारीख इथलं कोण विसरेल? लेक म्हणाली, ‘आई, असणार म्हणून चालत नाही.’ तिने तो फोटो गूगल लेन्समध्ये टाकला, म्हणजे फोटोवरूनच शोध घेतला. तोच फोटो काही वर्षांपूर्वीच्या बातमीत निघाला. २००५ चा नव्हता आणि ठाण्याचाही नव्हता, म्हणजे माझीही थाप पकडली गेली. आणि तिने हे ग्रुपवर लिहिलं नाही, आत्याला वेगळा मेसेज केला. चारचौघांत चूक दाखवली तर माणूस फोटो डिलीट करत नाही, उलट भांडतो, हे मॅडमनी सांगितलेलं. आत्याने गुपचूप डिलीट केला.

चित्र कुठून घ्यायचं हेही नीट शिकवलं. ‘गूगलवरून घेतलं’ हा काही पत्ता नव्हे, तिथे सापडलेलं चित्र कुणाचं तरी असतं, हे मुलांच्या डोक्यात बसवलं. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रांच्या साइटवर जा, क्रिएटिव्ह कॉमन्सचा (चित्र कोणत्या अटींवर वापरता येईल ते सांगणारा) कुठला परवाना आहे ते वाचा, काढणाऱ्याचं नाव द्या. लेकीने ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या, म्हणजे तलावपाळीच्या, पोस्टरवर खाली बारीक अक्षरात फोटोग्राफरचं नाव आणि परवाना टाकला. मी इतकी वर्षं वाढदिवसाच्या बॅनरवर वाघ, फुलं, सूर्योदय कुठून कुठून उचलून लावले ते आठवून गप्प बसले.

आता तक्रारी. तिसरा आठवडा डिझाइनचा. ऑनलाइन तयार साचे उघडायचे, नाव बदलायचं, रंग बदलायचा, झालं. माप कुणी सांगितलंच नाही. ते मासुंद्याचं पोस्टर सोसायटीच्या गेटवर ए-थ्री आकारात लावायचं म्हणून ती माझ्याकडे घेऊन आली. फाइल १,०८० बाय १,०८० पिक्सेल. फोनवर झकास दिसते, पण ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापली तर जेमतेम नऊ सेंटिमीटर. ए-थ्रीच्या रुंदीला ताणली तर डीपीआय ९२ वर येतो, तलावपाळीच्या होड्या धुक्यात गेल्यासारख्या. स्क्रीनवरचा तो पोपटी हिरवाही छपाईच्या चार शाईंत शेवाळी झाला. पडदा आणि कागद यांचे रंग वेगळे, हे पाच मिनिटांत सांगता आलं असतं.

त्याहून जास्त राग मराठीचा. नोट्स जुन्या फॉन्टमध्ये. लेकीने एक परिच्छेद उचलून व्हॉट्सॲपवर टाकला तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, फॉन्ट गेला की बुरखा गेला. युनिकोड या जगभर चालणाऱ्या अक्षरांच्या यादीत ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५, तो कुठेही गेला तरी ‘क’च राहतो. मुलांना हे सांगितलं नाही आणि मराठी टायपिंगही शिकवलं नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘फोनवर बोलून होतं ना.’ होतं, पण ‘पाणी’चं ‘पानी’ झालं तर दुरुस्त कोण करणार?

आणखी एक गंमत. अपडेटचं महत्त्व शिकवत होते त्या मशिनवर विंडोज १०, ज्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ मुलं आणि चालू मशिन ८, हेही लिहून ठेवते.

पाचपैकी साडेतीन. मॅडमना पाच, क्लासला दोन, सरासरी काढली. धाकट्याला पुढच्या वर्षी घालीन, पण फक्त दुसऱ्या आठवड्याची फी घेतात का ते विचारून. इनस्क्रिप्ट ही मराठी टायपिंगची पद्धत मी घरीच सुरू केली आहे : डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, अक्षराचा पाय मोडायला डीची कळ. लेकीचा वेग मुंगीचा आहे. ‘क्ष’ आला की बोट हवेत थांबतं आणि माझ्याकडे बघते.