टीव्हीवरचे दामले की नाटकातले?

आईला प्रशांत दामले घरचे वाटतात ते ‘आम्ही सारे खवय्ये’मुळे. तिकडे कुकरच्या शिट्ट्या, इकडे टीव्हीवर त्यांच्या गप्पा. टीव्हीची पोच मोठीच.

पण मला विचाराल तर नाटकच. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात हशा उसळला की विनोदी नट पुढचं वाक्य ओठांवर धरून थांबतो आणि हशा पुरता विरायच्या आत सोडतो. हे गणित दर प्रयोगाला नव्यानं, समोरच्या प्रेक्षकांच्या श्वासावर. टीव्हीत चुकलं तर रीटेक असतो, उरलेलं संकलनात ठरतं. दामल्यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी १२,५००वा प्रयोग केला. एवढ्या वेळा तो थांबा साधलाय त्यांनी! मागे एका नाटकाला माझ्या शेजारचे आजोबा चष्मा काढून डोळे पुसत होते, तरी हसू थांबत नव्हतं.